गाडी घाटात मिसिंग करते, इंजिन खोलायचं का?

वाईहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे २०१५ सालची, चार सिलेंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलेलं. वडिलांच्या उपचारांसाठी दर आठवड्याला पुण्याची फेरी असते. दिवाळीपासून परत येताना खंबाटकी चढायला लागलं की गाडी झटके मारते, पिकअप जातो आणि चेक इंजिनचा दिवा उघडझाप करतो. घाट संपला की दिवा नुसता लागून राहतो, कधी दोन दिवसांनी आपोआप जातो. पेट्रोलवर टाकली की झटके बरेच कमी होतात. सकाळी थंड गाडीला काहीच त्रास नसतो. घरच्या नेहमीच्या मेकॅनिकने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी साफ केली, दोनदा स्कॅनर लावून संगणकात नोंदलेला बिघाडाचा कोड उडवला. त्यात १२ हजार गेले. आता तो म्हणतो, व्हॉल्व्ह (सिलेंडरच्या झडपा) गेलेत, हेड म्हणजे त्या झडपा बसवलेला इंजिनाचा वरचा भाग खोलावा लागेल, ३८ हजार धरून चाला. शेजारच्यांचं म्हणणं, हे सगळं इथेनॉलच्या पेट्रोलमुळे. भाऊ म्हणतो, विकून टाक. ताई विचारतात, "इतक्या वर्षांचा मेकॅनिक मला फसवतोय का? आणि इंजिन खोलू की गाडी विकू?"

ताई,

सगळ्यात उपयोगाची माहिती तुमच्या पत्रातच आहे, पण ती तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात. पेट्रोलवर त्रास कमी होतो, सीएनजीवर वाढतो, चढाला होतो, थंड गाडीला होत नाही. या चार गोष्टी एकत्र ठेवल्या तर हेड खोलण्याआधी बरंच काही तपासता येतं, तेही फार खर्च न करता.

पण आधी दिव्याचं. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. तोच दिवा उघडझाप करत असेल तर अर्थ वेगळा. एखाद्या सिलेंडरमध्ये इंधन पेटत नाही, ते कच्चंच बाहेर पडतंय आणि सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय, असं गाडीचा संगणक सांगत असतो. कन्व्हर्टरच्या आत चिनीमातीसारख्या पदार्थाची बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा थर. कच्चं इंधन तिथे जळत राहिलं की ती जाळी वितळते. मग सायलेन्सर तुंबतो, गाडी ओढतच नाही आणि नव्या कन्व्हर्टरचा खर्च आजच्या दुरुस्तीच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून घाटात दिवा उघडझाप करू लागला की लगेच अ‍ॅक्सिलरेटर सैल करा, पेट्रोलवर टाका, एसी बंद करा, गिअर खाली घ्या आणि डाव्या बाजूने सावकाश चढा. तरीही उघडझाप थांबली नाही, तर वळणावर न थांबता पहिल्या सुरक्षित मोकळ्या जागेत गाडी घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि इंजिन बंद करा. "एवढा घाट चढून घेऊ" हा विचार मनात येतो, वडील शेजारी बसलेले असताना तर नक्कीच येतो. पण कन्व्हर्टर तेवढ्या वेळातही खराब होऊ शकतो.

आता मिसिंग होतं म्हणजे काय होतं ते बघू. ३००० आरपीएमला तुमच्या इंजिनाच्या प्रत्येक सिलेंडरमध्ये मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा, इंधन पेटावं लागतं. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: योग्य प्रमाणात हवा-इंधन, ते नीट दाबलं जाणं म्हणजे कॉम्प्रेशन, आणि वेळेवर जोरदार ठिणगी. यातलं एक चुकलं की त्या सिलेंडरचा धक्का चुकतो आणि क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याची, गती क्षणभर मंदावते. क्रँकजवळचा सेन्सर हीच मंदावलेली गती मोजतो आणि कोणता सिलेंडर चुकला हे नोंदवून ठेवतो. पहिल्या सिलेंडरसाठी कोड पी ०३०१, दुसऱ्यासाठी पी ०३०२, याच क्रमाने चौथ्यापर्यंत. कधी हा, कधी तो असं होत असेल तर पी ०३००.

तुमच्या मेकॅनिकने दोनदा स्कॅनर लावला, पण कोणता कोड होता ते पत्रात नाही. बहुधा त्याने सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. मला सगळ्यात खटकलेली गोष्ट ही आहे. कोड उडवला की दिवा जातो, पण त्यासोबत आणखी एक नोंदही पुसली जाते. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती होते, इंजिनावर लोड किती होता, वेग आणि पाण्याचं तापमान काय होतं, हे सगळं संगणकाने साठवलेलं असतं. स्कॅनरवर त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. पुढच्या वेळी कुणीही स्कॅनर लावला तर कोड उडवण्याआधी दोन्ही स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढा. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा साधा स्कॅनर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि हे काम तुम्ही घरीही करू शकता.

आता इथेनॉलबद्दल. शेजारच्यांची काळजी अगदीच निराधार नाही. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल डोळ्यासमोर ठेवून गाड्यांचे भाग बनवणं आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून सुरू झालं, तुमची गाडी त्याच्या बरीच आधीची. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं घटतं. जुन्या रबरी नळ्या आणि सीलवर लक्ष ठेवावं हेही खरं. पण ताई, तुमची गाडी झटके मारते ती सीएनजीवर. त्या वेळी इंजिनात पेट्रोल जातच नाही. पेट्रोलचा दोष असता तर पेट्रोलवर त्रास वाढला असता, तुमच्याकडे तो कमी होतो. त्यामुळे या दुखण्यापुरता इथेनॉलचा विषय बाजूला ठेवू. एवढं मात्र करा: सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत तेच पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून राहतं आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. टाकीत थोडं ताजं पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवा.

मग सीएनजीवर, चढाला, गरम झाल्यावरच का? सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. चढाला तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता, सिलेंडरमध्ये हवा-गॅस जास्त भरतो, दाब वाढतो आणि वाढलेल्या दाबात प्लगच्या टोकावर ठिणगी पडायला आणखी व्होल्टेज लागतं. हे व्होल्टेज इग्निशन कॉइल तयार करते. कॉइल कमजोर झाली असेल किंवा प्लगवर बसणाऱ्या तिच्या रबरी टोपणाला, म्हणजे बुटाला, चीर गेली असेल तर सपाट रस्त्यावर, पेट्रोलवर, थंड असताना ती कसंबसं निभावून नेते. घाटात, गॅसवर, गरम झाली की हार खाते. तुमच्या चारही लक्षणांशी हे जुळतं. म्हणून माझा पहिला संशय एखाद्या कॉइलवर, तिच्या बुटावर किंवा प्लगवर आहे.

"प्लग तर नवीन टाकलेत," तुम्ही म्हणाल. नवीन प्लग चांगलाच असतो असं धरू नका. बसवताना हातातून पडला तर त्याची पांढरी चिनीमाती केसाएवढी तडकते आणि ते वरून दिसत नाही. प्लगच्या टोकावरची फट, म्हणजे गॅप, जास्त असेल तर पेट्रोलवर चालून जातं, गॅसवर नाही. किट बसवणारे बरेच जण सीएनजीसाठी गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. तुमच्या गाडीला किती हवा ते गाडीच्या आणि किटच्या पुस्तिकेत पाहून घ्या. बाजारात नकली प्लगही भरपूर आहेत, त्यामुळे बिल आणि खोकं दोन्ही मागून घ्या.

तपासणी अशी करायला सांगा. इंजिन पूर्ण थंड असू द्या. चालू इंजिनावर कॉइल किंवा प्लगची केबल उपटून बघायची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे, ती होऊ देऊ नका. हजारो व्होल्टचा झटका बसतो आणि कच्चं इंधन कन्व्हर्टरमध्ये जातं ते वेगळंच. कोड पी ०३०२ आला असं धरू, म्हणजे दोन नंबरचा सिलेंडर. प्लास्टिकचं कव्हर काढलं की तुमच्या इंजिनावर रांगेत चार कॉइल दिसतील. दोन नंबरच्या कॉइलचा कनेक्टर लॉक दाबून सोडवायचा, बोल्ट काढायचा आणि कॉइल हळू पिळत सरळ वर ओढायची. आता बूट उजेडात धरून बघा. रबराच्या आतल्या बाजूने राखाडी किंवा पांढरट बारीक रेघ गेलेली दिसली, तर वीज प्लगच्या टोकाशी न जाता त्या वाटेने इंजिनाच्या लोखंडात निसटत होती. तशीच काळी रेघ प्लगच्या पांढऱ्या भागावर उभी दिसू शकते. प्लगच्या पांढऱ्या भागाच्या तळाशी गोलाकार तपकिरी डाग मात्र नेहमीचा असतो, त्याला दोष समजू नका. मग मोबाइलची बॅटरी लावून प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत बघा. तळाशी इंजिन ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) गॅस्केट किंवा विहिरीचं सील गळतंय. ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं आणि तिथून वीज गळते. पाणी दिसलं तर ते बहुतेक प्रेशर पंपाने इंजिन धुतल्याचं. आणि वायरिंगवर दातांच्या खुणा आहेत का तेही बघा, पावसाळ्यात आणि थंडीत उंदीर बॉनेटखाली मुक्काम करतात.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर अदलाबदल करायची. दोन नंबरची कॉइल तीन नंबरवर आणि तीनची दोनवर. दोन नंबरचा प्लग चार नंबरवर आणि चारचा दोनवर. प्लग काढण्याआधी विहिरीत हवा मारून कचरा उडवायचा, नाहीतर तो सिलेंडरमध्ये पडतो. बसवताना आटे आधी हातानेच फिरवायचे, पाना शेवटी. मग कोड उडवायचा आणि गाडी खंबाटकीला न्यायची, तशीच गॅसवर, पण वडील सोबत नसताना. झटका आला, कोड नोंदला गेला की लगेच पेट्रोलवर टाकून सावकाश परत. आता कोड पी ०३०३ आला तर कॉइल वाईट, कारण दुखणं कॉइलबरोबर तीनवर गेलं. पी ०३०४ आला तर प्लग. पी ०३०२ च राहिला तर कॉइल आणि प्लग दोघेही सुटले, दोष त्या सिलेंडरच्या इंधनात किंवा कॉम्प्रेशनमध्ये आहे. यात खर्च म्हणाल तर तास-दीड तासाची मजुरी आणि थोडा गॅस.

कॉइल निघाली तर तेवढी एकच बदला, चांगल्या प्रतीची, बिलासकट. चारही बदलायचा आग्रह झाला तर आता नको म्हणा. विहिरीत ऑइल असेल तर गॅस्केट-सील त्याच वेळी बदला, नाहीतर नवी कॉइलही त्याच मार्गाने जाईल.

दोष एका सिलेंडरला धरून नसेल, कोड पी ०३०० असेल आणि त्रास केवळ गॅसवर असेल, तर तुमच्या मेकॅनिकपेक्षा किट बसवणाऱ्याकडे आधी जा. गॅसचा फिल्टर तुंबणं, रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) कमजोर होणं, गॅसच्या इंजेक्टर रेलमध्ये चिकट मळ साचणं, किटचं ट्यूनिंग बिघडणं, यामुळे चढाला गॅस कमी पडतो आणि गाडी असेच झटके मारते. तो लॅपटॉप लावून चढावर गॅसचा दाब पडतो का ते बघू शकतो. अदलाबदल करूनही एकच सिलेंडर आणि तोही गॅसवरच अडत असेल, तर त्या सिलेंडरचा गॅस इंजेक्टर तपासायला सांगा.

आता व्हॉल्व्हचं. तुमचा मेकॅनिक हवेत बोलतोय असं मी म्हणणार नाही. सीएनजीवर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठका झिजतात, विशेषतः एक्झॉस्टच्या. बैठक झिजली की टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, आवळत जातो आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. पण तसं असेल तर पेट्रोलवरही त्रास व्हायला हवा आणि सिग्नलला उभं असताना गाडी एका लयीत धडधडायला हवी. तुमच्या पत्रात तसं काही नाही. तरी अंदाजावर सोडू नका. हेड खोलण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट झालीच पाहिजे. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंधन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा आणि चारही सिलेंडरचे आकडे कागदावर लिहायचे. किती हवेत ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, पण चौघांत फार फरक नको. तीन १७५ पीएसआयच्या आसपास आणि एक ११० असेल तर मेकॅनिकचं बरोबर. त्या सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्हकडे बघायचं. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केट. व्हॉल्व्हवर संशय आला तरी लगेच हेड उतरवू नका, आधी टॅपेटचा गॅप मोजून घ्या. कित्येक गाड्यांचं दुखणं तिथेच मिटतं आणि हेड उतरवावं लागत नाही.

चारही आकडे सारखे आले तर हेड खोलायचं नाही. कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला गाडीपेक्षा अवघड वाटतो. मेकॅनिक फसवतोय का? तुम्ही लिहिलेल्या गोष्टींवरून मला तसं वाटत नाही. आपल्याकडे गॅरेजमध्ये आपण पैसे देतो ते भाग बदलल्याचे. दोन तास डोकं लावून दोष शोधला आणि शेवटी एक कनेक्टर घट्ट केला, तर "एवढ्याशाचे सातशे रुपये?" असं आपणच विचारतो. मग मेकॅनिक शोधणं सोडतो आणि बदलणं धरतो. प्लग बघा, नाही झालं, फिल्टर बघा, नाही झालं, चला हेड. तुमचे १२ हजार बहुधा असेच गेले. हे चुकीचंच आहे, पण याला फसवणूक म्हणताना मी थांबेन. तुम्ही त्याला इतकी वर्षं ओळखता. एकदा त्याच्यासमोर बसून बोला: "दादा, शोधायचे पैसे मी वेगळे देते. आधी कोड दाखवा, मग कॉइल-प्लगची अदलाबदल करा, मग कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर द्या. त्याआधी नवा भाग नको." काढलेला प्रत्येक जुना भागही मागून घ्या. यावर तो काय म्हणतो त्यात तुमचं उत्तर मिळेल. तयार झाला तर माणूस सोडू नका. "स्कॅनर-बिनर काही नसतं, मी आवाजावरून सांगतो" असं म्हणाला, किंवा त्याच्याकडे कॉम्प्रेशन गेजच नसेल, तर फक्त तपासणी दुसरीकडे करून आणा. त्यात कसली बेइमानी? दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याने पहिले डॉक्टर परके होत नाहीत, वडिलांच्या आजारपणात हे तुम्ही अनुभवलं असेलच.

विकण्याचा विचार आज करू नका. दिवा लागलेली, झटके मारणारी गाडी विकायला काढली की घेणारा सगळ्यात वाईट शक्यता धरून भाव पाडतो, आणि दोष कदाचित एका कॉइलएवढा असतो. मिसिंग करणारी गाडी पीयूसीलाही अडकते, कारण न जळलेलं इंधन धुरात दिसतं. कॉम्प्रेशन खरंच गेलं असेल, तर हेडच्या कामाचं दोन ठिकाणी लेखी एस्टिमेट घ्या. त्यात व्हॉल्व्ह, बैठका, सील, गॅस्केट, मशीन शॉपची मजुरी सगळं वेगवेगळं लिहून मागा आणि मग गाडीच्या बाजारभावाशी ताडून बघा. बाकी गाडी चांगली असेल आणि तुम्ही ती आणखी चार वर्षं वापरणार असाल तर काम करून घेणं मला पटतं. नसेल वापरायची तर विका, पण घेणाऱ्याला कॉम्प्रेशनचा कागद दाखवून विका. दिवा तात्पुरता घालवून विकलेली गाडी उद्या दुसऱ्या कुणाच्या वडिलांना घेऊन घाटात अडकेल.

तोवर पुण्याच्या फेऱ्यांचं काय? अदलाबदलीची तपासणी एका सकाळीत होते, ती पुढच्या फेरीच्या आधी उरकता येईल. नाही जमलं तर त्या दिवशी गाडी सुरुवातीपासून पेट्रोलवर चालवा, एसी बंद ठेवून घाट सावकाश चढा. आणि पेट्रोलवरही दिवा उघडझाप करू लागला असेल, तर त्या आठवड्यात भाड्याची गाडी करा.